हिवाळ्यातला कान, उन्हाळ्यातला कान

रात्री दोनच्या सुमारास एखादे नवजात अर्भक पाहून इस्पितळाबाहेर पडावे, रस्ता निर्मनुष्य असावा, आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या रोहित्राची अखंड घूं घूं कानी यावी, हा अनुभव आपणा सर्वांच्याच परिचयाचा आहे. आपल्या देशातील वीजप्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५०. रोहित्राचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा कंप पावतो, म्हणून त्या गुणगुणीची मूळ कंप्रता १०० हर्ट्झ. पुरुषांच्या तंबोऱ्याच्या खर्जाहून चढा असा हा स्वर आहे. मला तो ऐकला की गेली काही वर्षे एक मासा आठवतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, सॉसलिटो नावाचे एक टुमदार गाव आहे. तेथील खाडीत अनेक कुटुंबे हाउसबोटींमध्ये कायमची राहतात. १९८० च्या दशकात या मंडळींची उन्हाळ्यातील झोप एका गूढ गुणगुणीने उडविली. सूर्यास्तानंतर आवाज सुरू होई, तासन् तास चाले आणि बोटीच्या तळातून असा घुमत येई की घरात बसून बोलणे अवघड व्हावे. कोणी म्हणाले सांडपाण्याचे पंप आहेत, कोणी नौदलाच्या गुप्त प्रयोगांकडे बोट दाखविले. परग्रहावरील पाहुण्यांपर्यंतही तर्क गेले. अखेरीस स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे जॉन मॅककॉस्कर यांनी खुलासा केला की हा उद्योग खाडीच्या तळाशी दगडाखाली बसलेल्या नर माशांचा आहे. गावकऱ्यांनीही मग रागलोभ सोडून काही वर्षे त्या माशाच्या नावाने उत्सव भरविला.

या माशाचे नाव प्लेनफिन मिडशिपमन. शास्त्रीय नाव पोरिक्थिस नोटॅटस. त्याच्या अंगावर प्रकाश देणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात, त्या नौदलातील शिकाऊ अधिकाऱ्याच्या गणवेशावरील बटणांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. रूपाने मासा अगदीच सामान्य: चपटे डोके, रुंद जबडा, एकूण अवतार बेडकासारखा. हिवाळा तो किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात काढतो. वसंत सरता सरता नर किनाऱ्याच्या उथळ, खडकाळ पट्ट्यात येतात, दगडाखाली पोकळी करतात, आणि रात्र झाली की गुणगुणू लागतात. पोटात अंडी घेऊन आलेली मादी त्या आवाजाचा माग काढत घरट्याशी पोहोचते, दगडाच्या खालच्या बाजूस एकेक अंडे चिकटविते आणि निघून जाते. पुढचे सारे संगोपन पित्याकडे. ओहोटीला घरटे उघडे पडले तरी तो हलत नाही. अंड्यांवरून पाणी फिरविणे, ती स्वच्छ राखणे आणि चोरांपासून जपणे हे काम दीड-दोन महिने एकटा करतो. आपल्या नवजात विभागातील रात्रपाळीच्या परिचारिकांना हा मासा नक्की आवडेल.

त्याचा आवाज घशातून येत नाही. पोटातील हवेच्या पिशवीच्या, म्हणजे वाताशयाच्या, दोन्ही बाजूंना चिकटलेले स्नायू सेकंदाला सुमारे १०० वेळा आकुंचन पावतात, आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर ध्वनीची एक लाट निघते. असे एक तास चालले तर ३ लाख ६० हजार आकुंचने झाली. नवजात बालकाचे हृदय मिनिटाला १४० ठोके देते असे धरले, तर तेवढे ठोके भरण्यास त्याला जवळजवळ ४३ तास लागतील. आणि हा मासा एकेक हुंकार न थांबता तासाहूनही अधिक वेळ धरू शकतो.

वाताशयाचा असा ढोल करणारे मासे आपल्या किनाऱ्यावरही आहेत. २०२३ मध्ये गुजरातने राज्यमासा म्हणून घोषित केलेला घोळ आणि कोकणातील बाजारात मिळणारी ढोमी हे दोन्ही ज्या कुळातले आहेत, त्या कुळाला इंग्रजीत आवाजावरूनच नाव मिळाले आहे. बडोद्यातील आपल्या अनेक घरांत मासा हा विषय स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही हे मी जाणतो. परंतु तो आपल्या अभ्यासिकेपर्यंत पोहोचायला हरकत नाही.

मिडशिपमन माशात नरांचे दोन प्रकार असतात. पहिला आकाराने मोठा, घरटे बांधणारा, गुणगुणणारा. दुसरा लहानखुरा, तो घरटेही बांधत नाही आणि गातही नाही. दुसऱ्याच्या घरट्यात चोरपावलाने शिरून तो आपले बीज तेवढे टाकून येतो. निसर्गाने दोघांना भांडवल कसे वाटून दिले आहे पाहा. शरीराच्या वजनाच्या प्रमाणात पहिल्याचे ध्वनिस्नायू दुसऱ्याच्या सुमारे सहापट, तर दुसऱ्याचे वृषण पहिल्याच्या सुमारे नऊपट. गाणाऱ्या नराच्या रक्तात ११-कीटोटेस्टोस्टेरॉन हे माशांचे प्रभावी पुरुषसंप्रेरक भरपूर असते. चोरट्या नरात प्रामुख्याने साधे टेस्टोस्टेरॉन. दोघेही नर, दोघेही प्रजननक्षम, तरी एकाच्या गळी गाणे आणि दुसऱ्याच्या नाही. (माशाला गळा नाही, हे मी आत्ताच सांगितले, वाचकांनी वाक्प्रचार समजून घ्यावा.)

इथवरची कथा कोणाही वैद्यकाला फारशी नवी वाटणार नाही. पुरुषसंप्रेरकाने आवाज बदलतो हे आपण रोज पाहतो. चौदा वर्षांचा मुलगा आईबरोबर येतो आणि एकाच वाक्यात दोन आवाजांत बोलतो. मला खरे आश्चर्य वाटले ते पुढच्या भागाचे. कारण तो बोलणाऱ्याविषयी नसून ऐकणाऱ्याविषयी आहे.

कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू बास हे या माशाच्या ध्वनिनिर्मितीवर अनेक वर्षे काम करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या जोसेफ सिस्नेरोस यांनी माद्यांचे कान तपासावयास घेतले. माशाला बाहेरचा कान नाही, पडदा नाही, आपल्यासारखे शंखाकृती कॉक्लिआही नाही. आपल्या अंतर्कर्णात जो सॅक्यूल मुख्यतः तोल सांभाळतो, तोच या माशाचे मुख्य श्रवणेंद्रिय. त्यात एक चुनखडीचा खडा आणि त्याखाली केशपेशींचा गालिचा. ध्वनीची लाट आली की खडा आणि पेशी मागेपुढे होतात आणि मज्जातंतूतून संदेश निघतो. हा संदेश लाटेशी ठेका धरून निघाला तर मेंदूला स्वर अचूक कळतो. तबलजी दर आवर्तनात नेमका समेवर यावा, तसे. ठेका सुटला की आवाज आहे एवढे कळते, कोणता आहे ते कळत नाही.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाचा सारांश असा. हिवाळ्यात पकडलेल्या मादीचा मज्जातंतू साधारण १०० हर्ट्झपर्यंतच्या खालच्या स्वरांशी चांगला ठेका धरतो. त्यावर तो ढिला पडतो. उन्हाळ्यात, अंडी भरलेल्या मादीचा तोच मज्जातंतू ३०० हर्ट्झच्याही पुढे ठेका सोडत नाही.

हा फरक कशासाठी? संगीताचा कान असणाऱ्यांना उत्तर लवकर समजेल. तंबोऱ्याची तार छेडली की केवळ मूळ स्वर निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे उपस्वर त्याबरोबर उमटतात, आणि जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच. नर माशाच्या गुणगुणीतही १०० च्या वर २००, ३००, ४०० असे उपस्वर असतात. आता घरटे असते उथळ पाण्यात, आणि उथळ पाण्यात खालचा स्वर लवकर विरतो, दूर जाऊ शकत नाही. दूरवर पोहोचतात ते वरचे उपस्वर. म्हणजे काळोख्या पाण्यात दूरवरून वर शोधणाऱ्या मादीला जे ऐकू येणे आवश्यक आहे, नेमके तेच हिवाळ्यातील कानाला नीट ऐकू येत नाही, आणि उन्हाळ्यातील कानाला येते.

यामागे कोण आहे, याचा शोध पुढच्याच वर्षी लागला. माद्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिऑल यांची पातळी अंडी घालण्याच्या सुमारे महिनाभर आधी थोड्या काळासाठी झपाट्याने वाढते आणि उतरते. सिस्नेरोस, बास आणि त्यांचे सहकारी यांनी हिवाळ्यातील माद्या घेतल्या, त्यांचे अंडाशय काढले, काहींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनची, काहींच्या शरीरात इस्ट्रॅडिऑलची, तर काहींच्या शरीरात रिकामी कुपी बसविली. काही आठवड्यांनी कान तपासले. रिकाम्या कुपीच्या माद्यांचा कान हिवाळ्यातलाच राहिला. संप्रेरक मिळालेल्या माद्यांचा कान, ऋतू बदललेला नसताना, उन्हाळ्यातला झाला होता. सॅक्यूलमध्ये इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राहकही सापडला. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. त्यातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संप्रेरकाने मादीच्या मनात इच्छा निर्माण केली, मेंदूने लक्ष दिले आणि म्हणून तिला ऐकू आले, असा हा प्रकार नाही. बदल मेंदूच्या अलीकडे, प्रत्यक्ष कानातच झाला होता. वीणेकऱ्याने मैफलीपूर्वी खुंट्या पिळाव्यात तसा.

पुढील काळात या खुंट्या कोणत्या, हेही उलगडत गेले. २०१२ मध्ये सिस्नेरोस यांच्याच गटाने दाखविले की प्रजननकाळात मादीच्या सॅक्यूलमध्ये केशपेशींची संख्या वाढते. २०१३ मध्ये बास यांच्या प्रयोगशाळेतून असे कळले की केशपेशींतील पोटॅशियमच्या एका मार्गिकेचे जनुक ऋतूनुसार कमीअधिक व्यक्त होते, आणि त्यानुसार श्रवणाची तीक्ष्णता बदलते. नराचा कानही उन्हाळ्यात तीक्ष्ण होतो. आणि २०१६ मध्ये आणखी एक गंमत कळली: माशांना सतत प्रकाशात ठेवले तर त्यांचे गुणगुणणे मावळते, मेलॅटोनिनसारखे द्रव्य दिले की त्या उजेडातही ते गाऊ लागतात. आपल्याला झोप आणणारे संप्रेरक तिथे रात्रीची मैफल मांडते. संप्रेरक ही नुसती चिठ्ठी आहे. तिचा अर्थ वाचणाऱ्या पेशीवर ठरतो, हे शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षी घोकलेले वाक्य मला असे माशाकडून पुन्हा शिकावे लागले.

बालरोगतज्ज्ञाने या माशात इतके का गुंतावे, हे सांगणे आता आवश्यक आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी उंची वाढत नाही म्हणून माझ्याकडे आली. मान थोडी रुंद, कोपर किंचित बाहेर वळलेले. गुणसूत्रांची तपासणी केली, टर्नर सिंड्रोम. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला आढळणारी ही अवस्था. एक एक्स गुणसूत्र पूर्णतः वा अंशतः नसते आणि बहुतेकींचे अंडाशय काम करीत नाहीत. मी माझ्या मते सारे व्यवस्थित केले. इकोकार्डिओग्राम झाला, मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली, थायरॉइड पाहिले, वाढीच्या संप्रेरकाविषयी आणि पुढे द्यावयाच्या इस्ट्रोजेनविषयी आईवडिलांशी दोनदा सविस्तर बोललो. कान तपासले नाहीत. लहानपणी तिचा कान वारंवार फुटत असे, हे माझ्याच हस्ताक्षरात कागदावर लिहिलेले होते.

दोन वर्षे ती दर तीन महिन्यांनी येत राहिली आणि मी उंचीचा आलेख भरत राहिलो. शाळेतून तक्रार येई की वर्गात लक्ष नसते, विचारले एक तर उत्तर देते भलतेच. मी आईला धीर दिला की या मुलींना गणित आणि भूमिती थोडी जड जाते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एके दिवशी आई उठता उठता म्हणाली, “डॉक्टरसाहेब, एक विचारू का? पंखा बंद असला की ही माझं सगळं ऐकते. पंखा लावला की नुसतीच माझ्या तोंडाकडे बघते.” त्याच आठवड्यात ऑडिओग्राम काढविला. दोन्ही कानांत मध्यम कंप्रतांना खोल दरी होती. खालचे स्वर जवळजवळ शाबूत. म्हणजे आवाज तिला येत होता. शब्द येत नव्हता. त्या दोन वर्षांतील इयत्ता सहावी आणि सातवी तिला कोण परत देणार, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

श्रवणयंत्रे बसली आणि फरक पडला. मात्र माझ्या मनात प्रश्न राहिला, आणि त्याच सुमारास माशावरील तो लेख माझ्या हाती आला. उत्तर किती सोपे वाटले! इस्ट्रोजेन कानाला सूर लावते. या मुलीत इस्ट्रोजेन नाही. म्हणून तिचा कान कायमचा हिवाळ्यात राहिला. मानवी अंतर्कर्णातही इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात हे वाचल्यावर तर माझी खात्रीच झाली. आपल्या संस्थेच्या मासिक सभेत मी हे मोठ्या उत्साहाने मांडलेही होते.

आज तसे मांडणार नाही. टर्नर सिंड्रोममधील श्रवणदोष कित्येक मुलींत वयात येण्यापूर्वीच, म्हणजे निरोगी मुलीच्या अंडाशयानेही फारसे इस्ट्रोजेन स्रवण्याआधी दिसू लागतो. मधल्या कानाचे वारंवार होणारे आजार हा त्याचा एक भाग. आणि हरवलेल्या गुणसूत्रावरील जनुकांचा वाढत्या कानावर होणारा परिणाम हा दुसरा भाग, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. संप्रेरकाचा वाटा असेल, पण तो एकटा सूत्रधार नाही. प्रौढ स्त्रियांतील अनुभवही सावध करणारा आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके दिली तर श्रवण सुधारेल अशी अपेक्षा होती. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत अशी संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत श्रवणदोषाचे प्रमाण कमी नव्हे तर अधिक आढळले. माशाचे औषध माणसाला लागू पडत नाही, याचे हे चांगले उदाहरण.

आणखी एक मूलभूत अंतर आहे. मासा आयुष्यभर नव्या केशपेशी घडवू शकतो. म्हणूनच त्याला प्रतिवर्षी कानाची डागडुजी परवडते. आपल्या प्रत्येक कॉक्लिआत आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार केशपेशी असतात. जन्मतः मिळाल्या तेवढ्याच. जेंटामायसिनच्या मात्रेत आपण नवजात विभागात केलेली चूक असो, मेंदूज्वर असो वा लग्नाच्या वरातीतील डीजे असो, गेलेली पेशी परत येत नाही. आपल्याला दुसरा उन्हाळा नाही.

म्हणून माझ्या खोलीत आता उंचीच्या आलेखाशेजारी एक छोटा तक्ता टाचलेला आहे. टर्नरची मुलगी असेल तर निदानाच्या दिवशीच ऑडिओग्राम, आणि पुढे ठराविक वर्षांनी पुन्हा, तक्रार असो वा नसो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले आहे. मी ते आईने पंख्याची गोष्ट सांगितल्यावर वाचले, एवढेच. वर्गात लक्ष नसणाऱ्या मुलाच्या पालकांना मी आता पहिला प्रश्न पंख्याचा विचारतो.

ती मुलगी आता तिशीकडे झुकली आहे. एका शाळेत चित्रकला शिकविते. मागील वर्षी भाचीला लस देण्यासाठी आली, तेव्हा बोलता बोलता मी तिला मिडशिपमन माशाची हकिकत सांगितली. श्रवणयंत्र सावरीत तिने शांतपणे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, मग हिवाळ्यात त्या माद्यांना काहीच ऐकू येत नाही का?”

मी म्हणालो, “येतं की. घूं घूं येतं. वरचे स्वर तेवढे येत नाहीत.”

“म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं,” ती म्हणाली, “पण कुठून ते कळत नाही.” आणि भाचीची मांडी घट्ट धरून तिने मला सुई टोचण्याची खूण केली.